बंद झालेल्या मशीनचे जुने बॅकअप नियम लावूनही का राहतात

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जळगाव एमआयडीसीतल्या तुमच्या दाळ मिलच्या ऑफिसात रोज रात्री रेस्टिक या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामने एका डिस्कवर बॅकअप जातो. मुदतीचा नियम 7 दिवस, 4 आठवडे आणि 12 महिने असा लावला आहे, म्हणजे दर दिवसाचा, आठवड्याचा आणि महिन्याचा एकेक बॅकअप तेवढाच ठेवायचा. तरी डिस्क भरली, आणि यादीत 2021 मध्ये भंगारात गेलेला हिशेबाचा कॉम्प्युटर आणि वजनकाट्याचं जुनं मशीन अजून दिसतंय. नियम चालत नाही का, आणि हे सगळं एकदम उडवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारता.

नियम बरोबर चालतोय. रेस्टिक जुने बॅकअप यादीतून काढताना, म्हणजे फर्गेट करताना, आधी त्यांचे गट पाडतं. गट पडतो कॉम्प्युटरच्या नावावरून आणि ज्या फोल्डरचा बॅकअप घेतला त्यावरून. नियम प्रत्येक गटाला स्वतंत्र लागतो. आणि ‘12 महिने’ याचा हिशेब आजच्या तारखेपासून मागे होत नाही. त्या गटात ज्या महिन्यांत बॅकअप झालाय, त्यातले शेवटचे 12 महिने धरले जातात. 7 दिवसांचंही तसंच. ‘इतक्या काळातले सगळे ठेव’ असं सांगणारा ‘कीप-विदिन’ पर्याय वापरला तरी मोजणी त्या गटातल्या सगळ्यात ताज्या बॅकअपपासूनच होते. तुमच्या गोदामात नवी आवक आली की मागची थप्पी बाहेर निघते, आवकच बंद झाली तर थप्पी जागची हलत नाही, तसं हे आहे. 2021 नंतर त्या मशीनवरून बॅकअप आलाच नाही, म्हणून त्याचे शेवटचे वीस-बावीस बॅकअप तिथेच बसलेत. आणखी दहा वर्षं नियम चालवला तरी ते हलणार नाहीत.

मला वाटतं हे असंच असायला हवं. मशीन बंद पडल्यावर त्याचा एकमेव बॅकअप वर्षभराने आपोआप पुसला गेला असता तर तुम्ही आज फार वेगळा प्रश्न विचारत असता. बंद झालेल्या मशीनचं काय ठेवायचं हे माणसानेच नाव घेऊन ठरवायचं काम आहे.

आधी यादी नीट बघा. मला शंका आहे की तिथे दोनापेक्षा जास्त मेलेले गट असतील. विंडोज नव्याने टाकलं की कॉम्प्युटरला वेगळंच नाव मिळतं, झाला नवा गट. हिशेबाचं फोल्डर डी ड्राइव्हवरून ई ड्राइव्हवर गेलं की अजून एक. पुढे हे टाळायचं असेल तर बॅकअप घेतानाच ‘होस्ट’ हा पर्याय देऊन नाव कायमचं ठरवून टाका, ‘हिशेब’, ‘काटा’ असं. फर्गेटला गट फक्त नावावरून पाडायलाही सांगता येतं, पण तिथे फार जपून. एकाच मशीनवरून टॅलीचा वेगळा आणि काटापट्ट्यांचा वेगळा बॅकअप जात असेल, तर दोन्ही एका गटात येतात आणि त्या दिवसाचा शेवटचा एकच शिल्लक राहतो. टॅलीचा रात्री नऊला आणि काट्याचा दहाला होत असेल, तर टॅलीचे रोजचे बॅकअप गुपचूप जातील.

आता उडवायचं काय. जुन्या हिशेबाच्या मशीनला हात लावण्याआधी सीएंना फोन करा. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. कोविडच्या काळात या तारखा पुढे गेल्या होत्या. 2019-20 ची देय तारीख 31 मार्च 2021 झाली, म्हणजे त्या वर्षाचा हिशेब 31 मार्च 2027 पर्यंत. 2020-21 ची 28 फेब्रुवारी 2022 झाली, तिथून 72 महिने मोजा. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर 1 वर्ष, किंवा ही 72 महिन्यांची मुदत, यातलं जे उशिराचं ते. मिल प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे मागच्या 8 आर्थिक वर्षांची पुस्तकं लागतात.

म्हणून त्या मशीनचा सगळ्यात शेवटचा बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि टॅलीत उघडून बघा. जुन्या टॅली ई.आर.पी. 9 चा डेटा असेल तर टॅली प्राईमच्या नव्या आवृत्तीत तो मायग्रेट करावा, म्हणजे नव्या स्वरूपात बदलून घ्यावा लागतो, त्यामुळे मूळ फोल्डर अलग ठेवून त्याच्या कॉपीवर काम करा. खातेवह्या, विक्री-खरेदीचे रजिस्टर उघडले, मार्चअखेरची शिल्लक ताळेबंदाशी जुळली, की त्या बॅकअपला ‘कायम’ असा टॅग लावा आणि तुमच्या रोजच्या फर्गेटच्या ओळीत ‘कीप-टॅग’ म्हणून तो घाला. तो पर्याय त्या ओळीत नसेल तर नुसत्या टॅगने संरक्षण मिळत नाही. बाकीचे त्या मशीनचे बॅकअप त्यांचा आयडी देऊन काढा. मधल्या काळात खोडलेली एखादी फाईल जुन्यातच असू शकते, तेव्हा मुनीमजींना एकदा विचारून घ्या.

काट्याच्या मशीनचं सोपं आहे, काटापट्ट्यांची नोंद नव्या मशीनमध्ये आलेली असेल तर एक बॅकअप ठेवून बाकी काढा.

हमालांच्या, कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स स्कॅन करून या दोन्हींपैकी कुठल्याही जुन्या मशीनमध्ये ठेवल्या असतील तर त्याकडे मुद्दाम बघा. कामावरून गेलेल्या माणसाची कागदपत्रं गरज आणि कायद्याची मुदत दोन्ही संपल्यावर आपल्याकडे पडून राहणं बरोबर नाही, आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो. एका बॅकअपमधलं एकच फोल्डर काढायला ‘रीराईट’ कमांड आहे. ती वगळलेल्या फोल्डरशिवाय नवा बॅकअप तयार करते. मूळ बॅकअप फर्गेट करून प्रून, म्हणजे कुठल्याच बॅकअपला न लागणारा डेटा डिस्कवरून पुसण्याची कमांड, चालवल्यावरच ते खरं जातं.

फर्गेटने जागा मोकळी होत नाही, नोंद तेवढी जाते. जागा प्रून केल्यावर मिळते. तुमची डिस्क भरलेली आहे आणि प्रूनला स्वतःलाच थोडी जागा लागते, कारण रेस्टिक डेटा ज्या मोठ्या पॅक फाईलींत बांधून ठेवतं, त्यातल्या अर्धवट वापरातल्या फाईली तो नव्याने लिहितो. म्हणून पहिल्यांदा ‘मॅक्स-रीपॅक-साईज’ शून्य देऊन चालवा, मग पूर्ण निरुपयोगी झालेल्या फाईली तेवढ्या जातात. थोडी जागा झाली की नेहमीचा प्रून. ‘अनसेफ’ नावाने सुरू होणारे पर्याय लगेच हातात घेऊ नका. मेमध्ये आपल्याकडे पत्र्याखालच्या ऑफिसात डिस्क किती तापते हे तुम्हाला माहीत आहे, आणि दुपारी लाईटचाही भरवसा नसतो. हे लांबणारं काम आहे, तेव्हा यूपीएसवर, रात्री चालवा. मध्येच बंद पडलं तर साधारणपणे डेटा खराब होत नाही, दोन कामं एकदम होऊ नयेत म्हणून रेस्टिक लावतं ते कुलूप (लॉक) तेवढं राहतं. दुसरं काही चालू नाही याची खात्री करून ते ‘अनलॉक’ने काढायचं.

जागा किती मिळेल याबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. रेस्टिक सारखे तुकडे एकदाच साठवतं. जुन्या मशीनचा टॅलीचा डेटा नव्या मशीनवर उचलून आणला होता ना? मग त्यातला बराच भाग दोघांचा सामायिक आहे, आणि तो जाणार नाही. शिवाय प्रून मुळातच 5 टक्क्यांपर्यंत निरुपयोगी डेटा तसाच सोडतो. खरा आकडा फर्गेटला प्रून आणि ड्राय-रन (नुसती रंगीत तालीम) दोन्ही जोडून चालवलं की कळेल, त्यात काहीच पुसलं जात नाही. आकडा किरकोळ निघाला तर मोठी डिस्क घ्या आणि हिशेब निवांत राहू द्या.

घरी भुसावळला ठेवलेली दुसरी डिस्क या सगळ्यातून वेगळी आहे. इथे पुसलेलं तिथे आपोआप पुसलं जाणार नाही. इथलं काम झाल्यावर ‘चेक’ चालवा, डेटाचा काही भाग वाचून तपासायला सांगा, टॅलीचं एक फोल्डर पुन्हा रिस्टोअर करून उघडा, आणि महिनाभर सुरळीत गेल्यावरच त्या डिस्कला हात लावा. तोवर ड्राय-रनमध्ये गटांची नावं आणि सुटणारी जागा काय दाखवतंय ते इथे टाका, ते बघून कोणते आयडी काढायचे ते सांगतो.