बदकांच्या शिकारीची ती छोटी चपटी बोट नागपूरजवळच्या तलावात चालेल का?

तुमचा प्रश्न असा की एका व्हिडिओत तुम्ही माणूस पाहिला, छोट्याशा चपट्या बोटीत जवळजवळ झोपलेला, वर गवत टाकलेलं, आणि बदकं एकदम जवळ येऊन उतरतात मग तो बंदूक काढतो. ती बोट कोणती, आपल्याकडे बनवता येईल का, आणि नागपूरच्या आसपासच्या तलावात ती घेऊन बदकांजवळ जाता येईल का, असे तीन प्रश्न आहेत. मी तशी एक बोट घरी बनवलीय आणि चार हिवाळे वापरतोय, फोटोसाठी आणि पक्षी मोजायला, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी शिकारीचं बोलून घेऊ. आपल्याकडे जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतं की आमचे आजोबा तलावावर बदकं मारायला जायचे, आणि ते खरंच आहे, तेव्हा लायसन मिळायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी काही पक्ष्यांसाठी परवान्याची सोय राहिली होती, १९९१ च्या दुरुस्तीत तीही गेली. म्हणजे आज नकटा असो, अडई असो की सायबेरियातून आलेला तलवार बदक, मारणं सोडा, पकडणं किंवा तसा प्रयत्न करणं हासुद्धा गुन्हाच आहे. तुम्ही शिकारीसाठी विचारलं नसेल असं धरूनच मी पुढचं लिहितोय.

आता बोट. तुमच्या वर्णनावरून ती स्नीकबॉक्स असावी किंवा तिच्यावरून निघालेली एखादी नवी फायबरची बोट. मूळ स्नीकबॉक्स अमेरिकेतल्या न्यू जर्सीची, बार्निगाट बे नावाची उथळ खाडी आहे तिथली. वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमन नावाच्या बोट बनवणाऱ्याने १८३६ साली पहिली बनवली असं मानतात. लांबी साधारण १२ फूट, रुंदी ४ फूट, आणि पूर्ण वरून बंद, मधे फक्त एक माणूस आत शिरेल एवढं भोक. पुढचा भाग चमच्यासारखा वर आलेला, त्यामुळे ती पाणी कापत नाही, पाण्यावरून आणि चिखलावरून घसरत जाते. देवदारासारख्या हलक्या लाकडाची असल्याने एकटा माणूस दलदलीतून ओढत नेऊ शकतो, खाली पट्ट्या असायच्या म्हणजे बर्फावरूनही ओढता येते. मागे नकली बदकं ठेवायला कठडा, वल्ह्याच्या कड्या घडी होणाऱ्या (बंदुकीच्या आड येऊ नयेत म्हणून), आणि वाटलं तर छोटं शीड लावून खाडी पार करायची. इतक्या लहान बोटीत इतका विचार केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही, तिचे ड्रॉइंग बघत मी कितीतरी रात्री जागलोय.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. स्नीकबॉक्स ही पाठलाग करायची बोट नाहीच. शिकारी पहाटे अंधारात जायचा, गवताच्या कडेला बोट घुसवायचा, वर तिथलंच गवत पसरायचा, समोर नकली बदकं सोडायचा आणि आत पडून राहायचा. बदकं स्वतः येणार. म्हणजे ती पाण्यावरचं लपण आहे, वल्हं फक्त तिथवर पोचायला.

याच्या उलट जात म्हणजे इंग्लंडची गनिंग पंट. ती लांब, अरुंद, करडी रंगवलेली, शिकारी तिच्यात पालथा पडतो आणि दोन्ही हातांत छोट्या फळ्यांसारखी वल्ही घेऊन, हात बोटीबाहेर खाली सोडून, हळूहळू थव्याच्या दिशेने सरकतो. पुढे तोफेसारखी लांब बंदूक बोटीलाच बसवलेली, नेम धरायचा म्हणजे अख्खी बोट वळवायची. अशा बंदुकीच्या एका बारात पन्नासच्या वर बदकं पडायची. अमेरिकेत हॉटेलांना बदकं विकणारे लोक तेच वापरायचे, आणि चेसापीक खाडीत तर सिंकबॉक्स म्हणून एक पेटी होती, शवपेटीसारखी, चारी बाजूंना पाण्यावर पसरलेले लाकूड आणि कॅनव्हासचे पंख, त्यांच्यावर लोखंडाची नकली बदकं ठेवून वजनाने पेटी इतकी खाली बसवायची की माणूस पाण्याच्या पातळीच्या खाली. परिणाम व्हायचा तो झाला, पक्षी झपाट्याने कमी झाले, मग १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला, बाजारासाठी मारणं बंद झालं, १९३५ मधे सिंकबॉक्सवर बंदी आली आणि जिवंत बदकं बांधून आमिष लावण्यावरही. आपणही काही कमी नव्हतो, भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले, तो आकडा आजही तिथे दगडावर कोरलेला आहे. मला तो वाचून पोटात कालवलं होतं.

लुइझियानाची पिरोग, ग्रीनलंडच्या लोकांची कयाक आणि तिच्यातून पक्ष्यांवर फेकायचा काट्याकाट्यांचा भाला, असं बरंच आहे, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा फार संबंध नाही. एक देशी युक्ती मात्र सांगतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बदकं पकडणारे लोक आधी काही दिवस तलावात रिकामी मडकी सोडून द्यायचे. मडकी तरंगतात, बदकांना सवय होते. मग एक दिवस माणूस भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून गळ्याइतक्या पाण्यातून चालत जायचा आणि खालून बदकाचे पाय धरून ओढायचा. बोटही नाही, वल्हंही नाही, पण अक्कल तीच, कमी उंची आणि डोळ्यांना झालेली सवय.

आता मी बनवलेली. चमच्यासारखा गोल पुढा प्लायवूडमधे येत नाही कारण प्लाय एका वेळी एकाच दिशेने वाकतो, म्हणून मी सपाट तळाची, कोनाकोनाची सोपी आवृत्ती केली, लांबी १२ फूटच ठेवली. बीडब्ल्यूपी म्हणतात तो पाण्यात चालणारा प्लाय घ्या, ६ एमएम, साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत सुटतो. शीट ८ फुटाचं येतं म्हणून दोन जोडावे लागतात. कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचं, आतून बाहेरून सांध्यावर फायबरचं कापड आणि इपॉक्सी, म्हणजे मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन. सामान इतवारीत बहुतेक मिळालं, इपॉक्सी बाहेरून मागवावं लागलं, सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आसपास खर्च आला आणि बोट भरली ४५ किलो, दोघं आरामात गाडीवर चढवतात.

आणि हे नीट वाचा, इपॉक्सीचं काम नागपूरच्या उन्हाळ्यात करू नका. मी मे महिन्यात सुट्टी होती म्हणून सुरुवात केली, मगभर रेझिन मिसळलं आणि ब्रश बुडवेपर्यंत मग हातात धरवेना, धूर निघायला लागला आणि दोन मिनिटांत दगड. रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं, त्यात बाहेर ४५ डिग्री, आणि मगात एकाच ठिकाणी साठलेलं, मग काय होणार. नंतर मी पहाटे पाचला उठून थोडं थोडं मिसळायचो आणि लगेच पसरट ताटात ओतायचो, म्हणजे उष्णता निघून जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस. हातमोजे आणि मास्क लावाच, प्लाय घासल्याची धूळ छातीत बसते.

पहिल्या हिवाळ्यात उमरेड रोडकडच्या एका तलावावर मी ती नेली तेव्हा छान पॉलिश केलेली होती, चकचकीत, आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं कयाकचं वल्हं. दीडशे मीटरवर लालसरींचा थवा होता. मी सरळ त्यांच्याकडे वल्हवत निघालो, दहा वल्ही मारली नसतील, सगळाच्या सगळा थवा उठला, सोबत थापटे, चक्रांग, पलीकडचे चक्रवाक, अख्खा तलाव रिकामा झाला. ते दृश्य मला अजून त्रास देतं, कारण इतक्या लांबून आलेले पक्षी खाऊन अंगात चरबी साठवायला आलेले असतात, आणि उडण्यात जितकी ताकद जाते तितकी त्यांना परत खाऊन भरून काढावी लागते.

पाळीवर एक ढिवर काका जाळं सोडवत बसले होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. म्हणाले, "भाऊ, तुम्ही सरळ त्याइच्या अंगावर जाऊन राहिले न, म्हून उडते थे. मी रोज येतो, आपल्या वाटेनं जातो, आपलं जाळं टाकतो. त्याइले मालूम आहे हा आपल्याले काही करत नाही." आणि मग ते ट्रकच्या ट्यूबवर बांधलेल्या फळीवर बसले, दोन हातांत दोन लहान फळ्या, अन् निघाले. त्याच बदकांमधली पाचपन्नास, जी परत येऊन बसली होती, त्यांच्यापासून तीसेक फुटांवरून ते गेले आणि बदकं नुसती थोडी बाजूला सरकली.

मी घरी येऊन त्या इंग्लिश पंटची चित्रं परत काढून पाहिली, हातातल्या फळ्या तशाच. फरक एवढाच की इंग्लिश माणूस लपून जायचा आणि आपले काका उघड्यावर बसून जातात तरी उडत नाहीत, कारण ते कधी त्यांच्याकडे जातच नाहीत. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, तेव्हा तुम्ही कुठे निघालात हे त्याला तुमच्या आधी कळतं.

मग मी सगळं बदललं. पॉलिश घासून काढली, गढूळ करड्या मॅट रंगाचे दोन हात दिले. लांब वल्हं घरी ठेवलं, ओल्या पात्यावर ऊन पडलं की आरशासारखं चमकतं आणि उंच उठतं ते वेगळंच. आता अर्ध्या फुटाच्या दोन फळ्या वापरतो काकांसारख्या, पातं पाण्याबाहेर जेमतेम निघतं, आवाज नाही. आणि स्नीकबॉक्सवाल्यांची पद्धत धरली. उजाडायच्या पाऊण तास आधी पाण्यात, कडेच्या बेशरमाच्या झुडपांत बोट घुसवायची, वर थोडं वाळलेलं गवत, आणि पडून राहायचं, साडेनऊ दहापर्यंत. निघतानाही थवा लांब गेला असेल तेव्हाच काठाकाठाने. गेल्या जानेवारीत एक तलवार बदकाची जोडी माझ्यापासून पंधरा फुटांवर येऊन शेपट्या वर करून खात होती, नराच्या मानेवरची पांढरी रेघ उघड्या डोळ्यांनी दिसत होती, मी कॅमेरा उचललाच नाही, शटरचा आवाज झाला असता. नकली बदकं आणि मोबाइलवर आवाज वाजवणं मात्र करू नका, उगाच त्यांना फसवून खाणं सोडायला लावायचं कशाला.

परवानगीचं. बहुतेक तलाव पाटबंधारे विभागाचे नाहीतर जिल्हा परिषदेचे असतात आणि मासेमारी स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असते, तेव्हा दोन्हीकडे विचारा, आणि संस्थेच्या माणसांना आधी भेटा, जाळी कुठे लावलीत ते तेच सांगू शकतात, तुमची बोट जाळ्यावर गेली तर त्यांचं नुकसान. पेंच किंवा नवेगाव-नागझिऱ्यात ही बोट नेण्याचा विचारही नको, ते व्याघ्र प्रकल्प आहेत. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांत शिंगाड्याची शेती असते, त्या वेलांत शिरू नका, आणि सारस दिसला तर तिथूनच मागे फिरा. पावसाळ्यात तर नकोच, अडई आणि नकटा तेव्हाच अंडी घालतात.

लाइफ जॅकेट घालून झोपायला अडचण होते हे मान्य, तरी घाला. २०१७ च्या जुलैत आपल्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वरून बंद बोट उलटली तर बाहेर निघायची प्रॅक्टिस आधी कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कोणी असताना, चारपाच वेळा करून घ्या. डेकच्या आत दोन्ही टोकांना थर्माकोल भरून सील करा म्हणजे पाणी शिरलं तरी बुडत नाही.

विकत म्हणाल तर आपल्याकडे तयार स्नीकबॉक्स मला कुठे मिळाली नाही. हवा भरायची कयाक मिळते पण ती उंच बसते, रंग भडक आणि वाऱ्याने वाहवत जाते, या कामाला नको. खरं सांगू का, तुम्हाला फक्त बदकं जवळून पाहायची असतील तर पहिला हिवाळा बोट बनवूच नका. एखाद्या ढिवर दादांशी ओळख काढा, दोन-तीन सकाळी त्यांच्या डोंग्यात बसून जा, त्यांचा रोज बुडणार असेल तर तो द्या, आणि ते कोणत्या वाटेनं जातात ते बघा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, नागपुरातले पक्षीमित्र ग्रुप तेव्हा तलावांवर जातात, तिथे आलात तर माझी बोटही बघायला मिळेल. माझा तलाव कोणता ते इथे लिहीत नाही, गर्दी झाली तर बदकं जागा सोडतात. ड्रॉइंग हवं असेल तर सांगा, मापं फुटात आहेत, स्कॅन करून टाकतो.