उन्हाळ्यात उघड्यावरच्या कार्यक्रमांना सरकारने नियम लावावे की लोकांनी स्वतःच सांभाळावं?

दोन्ही पाहिजे, पण आधी जबाबदारी बोलावणाऱ्याची. आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तरी वरात भर दुपारी डीजेसमोर नाचत असते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उन्हात एवढा मोठा कार्यक्रम झाला, १४ लोकं गेली, ती काय बेजबाबदार होती का? गर्दीत एकदा बसलं की उठून सावलीत जाणं आपल्या हातात राहत नाही, म्हणून दुपारी १२ ते ४ मोकळ्या मैदानात कार्यक्रम नकोच, आणि मांडव-पाण्याची सोय दाखवल्याशिवाय परवानगीच देऊ नका.

मागच्या वर्षी एका हळदीला आमचे मामा असंबद्ध बडबडायला लागले, अंग तव्यासारखं तापलेलं, लोक म्हणे झोपू द्या थोडं, आम्ही सावलीत नेऊन ओली चादर टाकली, पंखा लावला, १०८ ला फोन केला म्हणून वाचले. आपल्या बाजूने डोक्याला रुमाल बांधा, तहान नसली तरी पाणी प्या, बीपी-शुगरवाल्या म्हाताऱ्यांना संध्याकाळीच न्या. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी अजिबात ओतू नका, श्वासनळीत जातं.