सरकारी व्हर्च्युअल, म्हणजे पूर्णपणे ऑनलाइन भरणाऱ्या शाळेत प्रवेश कोणाला मिळायला हवा?

माझ्या मते नववीपासून पुढे, मागेल त्याला. दिल्ली सरकारने 31 ऑगस्ट 2022 रोजी मॉडेल व्हर्च्युअल स्कूल सुरू केलं, तेव्हा नववी ते बारावीचे हे वर्ग देशभरातल्या मुलांसाठी खुले ठेवले होते. रहिवासी दाखल्याची अट नव्हती, हे मला फार योग्य वाटलं. दीर्घ आजारी मूल, अपंगत्वामुळे रोजचा प्रवास न झेपणारं मूल, आठवीनंतर गावात शाळा नाही म्हणून घरी बसवलेली मुलगी, यांच्याकडे आधी ‘पात्रता सिद्ध करा’ म्हणून कागद मागत बसू नये.

पहिली ते पाचवीचं मात्र वेगळं. या वयात मुलांना वर्ग, सवंगडी, शाळेतलं गरम जेवण लागतं. तिथे गंभीर आजारासारखं कारण असेल तरच प्रवेश द्यावा.

आपल्याकडे बीडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांनाही हा हक्क हवाच, पण कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, ना धड वीज, ना नेट. टॅब आणि डेटा सरकारने दिला नाही, तर ती फक्त कागदावर पात्र राहतील. आणि पटसंख्या कमी म्हणून वाडीवरची शाळा बंद करून मुलांना ऑनलाइन ढकलायला माझा ठाम विरोध आहे.