वाचकांचे प्रश्न : भिंतीलगतचे टेबल

प्रश्न : ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत हॅटी मॅकडॅनियल यांना समारंभात वेगळे बसवले होते, हे खरे का? एवढा मान मिळूनही त्या मोलकरणीच्याच भूमिका का करत राहिल्या? तो पुरस्कार आता कुठे आहे?

उत्तर : होय, ते खरे आहे. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या ज्या अँबॅसडर हॉटेलात समारंभ झाला, तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी शब्द टाकला म्हणून मॅकडॅनियल यांना आत घेतले गेले, पण ‘गॉन विथ द विंड’मधल्या सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या एका लहान टेबलाशी. केसांत गार्डेनियाची फुले माळलेल्या मॅकडॅनियल तिथून उठून व्यासपीठावर गेल्या, सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार स्वीकारला आणि दाटल्या कंठाने भाषण आवरते घेतले. त्याआधी अडीच महिन्यांपूर्वी अटलांटा येथे याच चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा तर जॉर्जिया राज्यातल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना हजरही राहता आले नव्हते.

दुसऱ्या प्रश्नातला आक्षेप त्यांच्या हयातीतही घेतला गेला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचे नेते वॉल्टर व्हाइट यांना अशा भूमिका समाजाची मानहानी करणाऱ्या वाटत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु स्टुडिओ दुसरे काही देतच नव्हते, याचा दोष मॅकडॅनियल यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांच्या तेरा मुलांतले हे शेंडेफळ. १९२९च्या मंदीत रंगमंचावरचे काम सुटले, तेव्हा त्यांनी मिलवॉकीच्या एका क्लबात स्वच्छतागृहातली सेविका म्हणून दिवस काढले आणि पुढे तिथेच गायिका म्हणून नाव मिळवले. हॉलिवूडमध्ये आल्यावरही सुरुवातीला पोटासाठी त्यांनी खरोखरच घरकाम केले. १९४७ साली ‘ब्यूला’ या नभोवाणी मालिकेत त्यांना मिळालेली मुख्य भूमिकाही मोलकरणीचीच होती. मात्र तोवर त्या कृष्णवर्णीय बाईचा आवाज गोरे पुरुष काढत असत, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

शिवाय पडद्याबाहेर त्या मुळीच नमत्या नव्हत्या. लॉस एंजेलिसच्या ‘शुगर हिल’ वस्तीत त्यांनी घर घेतले, तेव्हा काही गोऱ्या शेजाऱ्यांनी ‘हे घर कृष्णवर्णीयांना विकू नये’ अशा खरेदीखतांतल्या वर्णभेदी अटींवर बोट ठेवून त्यांना आणि इतर कृष्णवर्णीय कुटुंबांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. मॅकडॅनियल यांनी शेजाऱ्यांना एकत्र करून लढा दिला, वकील लोरेन मिलर यांनी बाजू मांडली, आणि १९४५ साली न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या, राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे तो दावा फेटाळला. अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर तीन वर्षांनी दिला. मॅकडॅनियल यांच्यावर लिहिताना या खटल्याला एखादी ओळच मिळते, याची मला खंत वाटते.

१९५२ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हॉलिवूडच्या दफनभूमीत चिरविश्रांती मिळावी ही त्यांची इच्छा वर्णामुळेच नाकारली गेली. ऑस्कर त्यांनी मृत्युपत्रान्वये वॉशिंग्टनमधल्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठाला दिला होता. त्या काळी सहायक कलाकारांना पुतळा नव्हे, तर लहान फलक मिळत असे. तो फलक विद्यापीठातून गहाळ झाला आणि पुढे सापडलाच नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२३ साली तसाच दुसरा फलक हॉवर्डच्या स्वाधीन केला.