जर्मनीत मंदी आली तर नोकरीचे काय होते?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशिनवर काम करत असताना जर्मनीला येण्याची तयारी करणाऱ्या तुम्ही विचारले आहे की, तिथे बस्तान बसते न बसते तोच मोठी मंदी आली, तर तिथले सरकार परक्या माणसाला वाऱ्यावर सोडते का? मी सातपूरहून श्टुटगार्टजवळच्या एका यंत्रनिर्मिती कारखान्यात आलो आणि २००८-०९ ची मंदी इथेच काढली. पगाराच्या आकड्याआधी तुम्ही हे विचारले, याचे मला मनापासून समाधान वाटले.

ऑक्टोबर २००८ मध्ये चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांनी अर्थमंत्र्यांसह कॅमेऱ्यांसमोर येऊन लोकांच्या बँकेतील ठेवी सुरक्षित असल्याची हमी दिली. पुढे जुनी मोटार मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरोही मिळाले. कामगाराला मात्र खरा आधार दिला तो ‘कुर्त्सआर्बाइट’ने, म्हणजे कमी तासांच्या कामाने. ऑर्डरी आटल्या की मालक माणसे काढत नाही, तास कमी करतो; बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के रक्कम बेरोजगारी विम्याच्या निधीतून भरून निघते. गुरुवारी दुपारीच आमचा विभाग बंद होई, लेथ पुसून झाकून आम्ही घरी जात असू, आणि महिन्याच्या पगारपत्रकावर या रकमेची वेगळी ओळ छापलेली असे. ही मदत मिळण्याची मुदत सरकारने २००९ मध्ये २४ महिन्यांपर्यंत वाढवली; त्या वर्षी अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून अधिक आकसूनही बेरोजगारी फारशी वाढली नाही.

याउलट, याच देशात जागतिक महामंदीत, १९३० ते १९३२ या काळात चॅन्सेलर हाइनरिश ब्र्युनिंग यांनी वटहुकूम काढून पगार आणि भत्ते कापले होते, आणि १९३२ च्या सुरुवातीला बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात पोहोचली होती. आपल्याकडे डिसेंबर २००८ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क ४ टक्क्यांनी घटवले. त्याने गाड्यांच्या किमती उतरल्या, पण ठेकेदाराकडच्या ज्या माणसाला ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले गेले, त्याच्या घरात थेट काहीच आले नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

तरीही हे छत्र सर्वांवर सारखे नसते. २००८-०९ च्या मंदीत सर्वांत आधी गेले ते मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत लागलेले कामगार. परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ बहुधा ६ महिन्यांचा असतो आणि त्यात २ आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. बेरोजगारी भत्त्यासाठी साधारणपणे १२ महिने विम्याचा हप्ता भरलेला असावा लागतो. म्हणजे पहिले वर्ष जोखमीचेच, आणि तुमचा व्हिसाही नोकरीशी बांधलेला असणार. त्यामुळे करार थेट कंपनीशी आहे की एजन्सीशी, हे सही करण्यापूर्वी नीट वाचा, आणि निदान सहा महिन्यांच्या घरभाड्याइतकी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय नाशिकची नोकरी सोडू नका.