फिरत्या घरासाठी किती टनाचा एसी?

प्रश्न : आम्ही एक पत्र्याची व्हॅन घेऊन तिचे फिरते घर करून घेत आहोत. राहण्याचा भाग सुमारे ४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच असून आम्ही तिघे आहोत. एक विक्रेता म्हणतो की दीड टनाचा एसी घ्या, थोडा मोठा असलेला बरा. दुसऱ्याच्या मते अर्धा टन पुरतो. रात्री तो बॅटरीवर चालावा, अशी इच्छा आहे. काय घ्यावे?
– एक वाचक

उत्तर : एसीच्या संदर्भात टन म्हणजे वजन नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. खोलीच्या क्षेत्रफळावरून टन काढण्याचा घरगुती ठोकताळा येथे उपयोगाचा नाही, कारण व्हॅनला सहाही बाजूंनी बाहेरची हवा लागते आणि तिचा पत्रा उन्हात थेट तापतो.

तुमच्या मापांनुसार छत, तळ, बाजू आणि मागची दारे मिळून साधारण ३३ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. त्याला आतून २५ मिलिमीटरचे चांगले उष्णतारोधक अस्तर असेल आणि आतबाहेरच्या तापमानात १५ अंशांचा फरक राखायचा असेल, तर पत्र्यातून सुमारे ९०० वॅट उष्णता आत येईल. ऊन व काचा यांचे ८०० वॅट, बसलेल्या माणसामागे १०० याप्रमाणे तुम्हा तिघांचे ३०० आणि फटींतून शिरणाऱ्या हवेचे २०० धरले, तर भर दुपारची बेरीज सव्वादोन किलोवॅटच्या आसपास जाते. हा अंदाजच आहे, तरीही त्यावरून पाऊण टन योग्य ठरतो. मुक्काम नेहमी सावलीत असेल किंवा एसी फक्त रात्री लावणार असाल, तर अर्धा टनही चालेल.

‘मोठा असलेला बरा’ हा सल्ला मात्र मला मान्य नाही. दीड टनाचा एसी एवढीशी जागा काही मिनिटांत थंड करून बंद पडेल आणि पुन्हा सुरू होईल. हवेतील बाष्पाचे पाणी होऊन निघण्यास कॉम्प्रेसर सलग चालावा लागतो. तसे न झाल्यास आत गारवा असूनही अंथरूण दमट लागते. शिवाय मोठ्या कॉम्प्रेसरला सुरू होताना लागणारा क्षणिक प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असतो आणि लहान जनरेटर तेथेच माघार घेतो. इन्व्हर्टर पद्धतीचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेत असल्याने ही अडचण टळते. (हा इन्व्हर्टर वेगळा आणि बॅटरीची वीज २३० किंवा १२० व्होल्टची करून देणारा वेगळा; दुकानात दोन्हींचा सर्रास घोटाळा होतो.)

खरी कसोटी विजेची आहे. पाऊण टनाचा एसी पूर्ण जोमाने ९०० ते १,००० वॅट घेतो. रात्री तो सरासरी ४०० वॅटवर आठ तास चालला, तर ३.२ युनिट लागतील आणि रूपांतरातील घट धरता बॅटरीतून सुमारे ३.७ युनिट काढावी लागतील. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट मावते. म्हणजे अशा तीन बॅटऱ्या अगदी काठावर पुरतील, तेव्हा चार घ्याव्यात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून त्या किमान सहा लागतील आणि त्यांचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाईल. थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारे एसी मिळतात व त्यांत रूपांतराची घट वाचते, परंतु १२ व्होल्टवर १,००० वॅट म्हणजे ८० अँपिअरहून अधिक प्रवाह. तेथे जाड तारा आणि योग्य फ्यूज यांबाबत काटकसर नको.

छतावरचा एसी बसवण्यास सोपा, परंतु छताला वजन पेलावे लागते आणि गाडीची उंची वाढते. घरगुती स्प्लिट एसी स्वस्त पडतो, पण रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तांब्याच्या नळ्यांचे जोड सैल होऊन वायू गळतो. एकाच नळीचा फिरता एसी तर घेऊच नये, कारण तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढतो.

खरेदीआधी समोरच्या काचेला बाहेरून परावर्तक आवरण आणि चालकाच्या आसनामागे जाड पडदा लावून एक दुपार आत बसून पाहा. चालकाचा भाग राहण्याच्या भागाला उघडा राहिला, तर माझा वरचा हिशेब लागू पडणार नाही.