'कॉम्बॅट' पहिल्यांदा बघतोयस तर

अरे, 152 भाग ओळीने बघायला बसू नकोस, दमशील. 1962 ते 1967 चाललेली, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांवरची टीव्ही मालिका. पहिले चार सीझन कृष्णधवल, पाचवा रंगीत. सुरुवात 'सर्व्हायव्हल'पासून कर. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन. हात भाजलेला सार्जंट साँडर्स भ्रमिष्टासारखा एकटाच भटकतो, आणि साँडर्स झालेला व्हिक मॉरो मोजक्याच शब्दांत सगळा भाग पेलतो. त्याचे डोळे बघ. मी अजूनही तिथे थांबतो.

मग 'हिल्स आर फॉर हीरोज'चे दोन्ही भाग सलग बघ, दिग्दर्शन खुद्द मॉरोचं. त्याच टेकडीवर पुन्हा पुन्हा माणसं पाठवताना लेफ्टनंट हॅन्ली, म्हणजे रिक जेसन, आतून तुटत जातो. आणि हो, तुकडीतला सैनिक केज झालेला पियर जॅलबेर मूळचा क्युबेकचा, त्याची फ्रेंच अस्सल आहे. कान देऊन ऐक.